सकाळी जनावरांचा दवाखाना, दुपारी लॅब: सुट्टीत दोन्हीकडे शिकताना काय काय सांभाळायचं?

केपेची_झू

नमस्कार. मडगावच्या कॉलेजात बी.एस्सी. प्राणिशास्त्राचं दुसरं वर्ष संपलंय. मे-जूनसाठी दोन ठिकाणी होकार मिळालाय. सकाळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना (कुत्री, गायी, शेळ्या, कधी डुक्कर) आणि दुपारी एक प्रयोगशाळा. तिथं गोचिडांमुळे पसरणाऱ्या रोगांवर काम चालतं. दवाखान्यातले रक्ताचे नमुने तिथंच जातात, त्यामुळे ने-आणही बहुतेक माझ्याकडे येईल.

विचारायचं ते असं:

आधी कुठली लस घ्यावी? दवाखान्यात नेमकं कशाला हात लावावा? मैत्रिणी म्हणतात, मागितलं तर इंजेक्शनही देऊ देतात. सरावाच्या स्लाइड्सवर गिम्सा (रक्त तपासायचा रंग) केल्यावर तांबड्या पेशींत चमकणारे ठिपके दिसतात आणि ते बॅबेसिया (तांबड्या पेशींतला परजीवी) नाहीत असं सांगितलं जातं. मग ते काय असतं? जुलैपासून उंदरांचं काम बघायला मिळू शकतं, त्याला कसली परवानगी लागते? आणि शेवटचं, पुढे बी.व्ही.एस्सी.ला जायचं झालं तर या सगळ्याचा उपयोग होतो का?

गोठ्यावरचा_डॉक्टर

बाय, आधी लस. रेबीजची लस कुत्रा चावल्यावर घेतात एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. जनावरं रोज हाताळणाऱ्याने ती आधीच घ्यायची असते: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी एकेक मात्रा. दवाखाना सुरू व्हायला तीन-चार आठवडे असतील तर उद्याच आरोग्य केंद्रात जा. वेळ कमी असेल तर निदान दोन मात्रा होईपर्यंत कुत्र्या-मांजरांना हात लावू नकोस, गायींकडे बघत बस. आधी लस घेतलेल्याला चावा बसला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचीच, आणि ० व ३ ऱ्या दिवशी दोन मात्रा घ्यायच्याच. फरक एवढाच, की मग इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज राहत नाही. मात्रांच्या तारखांचं कार्ड पाकिटात ठेव. चावल्यावर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

‘गोव्यात आता रेबीज कुठं आहे’ असंही कोणीतरी म्हणेल. राज्याने २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं हे खरं, आणि त्यामागे दरवर्षी सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम आहे. पण नियंत्रित म्हणजे संपलेला नव्हे. कुत्र्यांना सीमेवरचा पत्रादेवीचा नाका दिसत नाही.

धनुर्वाताची मात्रा जुनी झाली असेल तर तीही घे. लेप्टोवर (जनावरांच्या मूत्रातून ओल्या जागी पसरणारा आजार) आपल्यासाठी सोयीची लस नाही, म्हणून जून लागला की गोठ्यात गमबूट हवेतच, आणि पायाला जखम असेल तर त्या दिवशी ओल्या गोठ्यात उतरायचं नाही. गाभडलेली गाय, पडलेली वार, गर्भजल यांपासून नवख्याने लांब राहायचं, कारण ब्रुसेला, म्हणजे गर्भपात घडवणारा आणि माणसालाही लागणारा जंतू. ब्रुसेलाची एस-१९ लस जिवंत जंतूंची असते. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात आणि तिची सुई माणसाला टोचली तर माणूस आजारी पडतो. त्या दिवशी सुया-सिरिंज गोळा करायचं काम तुला सांगितलं तर सरळ नाही म्हण.

आता इंजेक्शन. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याला आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पशुधन कर्मचाऱ्यांना राज्य सरकारने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा पशुवैद्याच्या देखरेखीखाली देता येतात. बी.एस्सी.ची विद्यार्थिनी या दोन्हींत बसत नाही. ‘देऊ देतात’ हे खरं असेल, पण गाय बसली किंवा कुत्र्याच्या पायात गळू झालं तर उत्तर कोण देणार? ज्याने देऊ दिलं तो. त्याला अडचणीत आणू नकोस.

मग उरतं काय? खूप काही. जनावराला हात लावायच्या आधी श्वास मोजायचे, कारण हात लावला की आकडा बदलतो. लांबून, कुशीची हालचाल बघत, पूर्ण एक मिनिट. मग नाडी: कुत्र्याची मांडीच्या आतल्या बाजूला, गायीची शेपटीच्या मुळाखाली. मग ताप. थर्मामीटरला दोरी आणि चिमटा लावून तो शेपटीच्या केसांना अडकव, नाहीतर एक दिवस तो आत जाईल किंवा खाली फुटेल. टोक शेणात नको, आतड्याच्या भिंतीला टेकलेलं हवं. नुसतं शेणात राहिलं तर आकडा कमी येतो. कुत्र्याचा १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, गायीचा साधारण १०१.५ च्या आसपास, शेळीचा त्याहून थोडा वर. मेच्या दुपारी उन्हातून चालत आलेल्या गायीचा १०३ भरला तर लगेच ‘ताप’ लिहू नकोस. सावलीत अर्धा तास उभी कर आणि पुन्हा घे, दोन्ही आकडे वेळेसह लिही.

गायीच्या डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धर आणि दोन मिनिटं थांब. पोट दोन-तीनदा उचलून येतं. एकदाही आलं नाही तर ते डॉक्टरला सांगण्यासारखं आहे. हिरडी बोटाने दाबून सोडली की रंग दोन सेकंदांच्या आत परतायला हवा. या पाच गोष्टी रोज वीस जनावरांवर केल्या की महिन्याने ‘हे जनावर बरं नाही’ हे आकडा यायच्या आधी कळायला लागतं.

पकडणं हे खरं कौशल्य, आणि तिथंच अपघात होतात. गायीच्या बाजूने जायचं ते एकदम अंगाला लागून, नाहीतर लांबून. मधल्या हातभर अंतरावर लाथ सर्वांत जोरात बसते. गायीची लाथ आधी पुढे येऊन मग बाजूला फिरते, त्यामुळे मागच्या पायाशेजारी उभं राहूनही सुरक्षित वाटणं चुकीचं. शक्य तेवढं काम खोड्यात (जनावर अडकवायच्या चौकटीत). कुत्र्याचं तोंड बांधायला मीटरभर लांब बँडेजची पट्टी पुरते. आधी सैल फास तयार ठेव, तो नाकाडावर टाकून गाठ वर, मग टोकं जबड्याखाली तिढा देऊन कानामागे घट्ट बांधायची, सुटेल अशी गाठ मारायची. चपट्या तोंडाच्या, ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधायचं नाही. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. मेच्या उकाड्यात तोंड आवळून दहा मिनिटं टेबलावर ठेवला तर उष्माघात होऊ शकतो. काम झालं की पहिलं काम पट्टी सोडणं.

एक हिशोब पाठ कर, कारण तो दवाखान्यात रोज चुकतो. द्रावण १ टक्का म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्राम, १ नव्हे. आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांचं औषध) १ टक्का, मात्रा किलोला ०.२ मिलिग्राम, म्हणजे ५० किलोला १ मिलिलिटर. गायीचं वजन फितीने काढायचं: छातीचा घेर इंचांत, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी इंचांत, भागिले ३००, उत्तर पौंडांत. घेर ६०, लांबी ५० असेल तर ६०० पौंड, म्हणजे २७२ किलो. औषध साधारण ५.४ मिलिलिटर. औषध तू देणार नाहीस, पण हिशोब आधी वहीत करून मग डॉक्टर किती भरतात ते बघ.

तेलभिंग_१००

ठिपक्यांबद्दल. हा प्रश्न गोव्यात मे ते सप्टेंबर प्रत्येक लॅबमध्ये येतो, आणि दोष बहुतेक वेळा हवेतल्या पाण्याचा असतो.

स्मियर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) हळू वाळला, किंवा पूर्ण वाळायच्या आधी मिथेनॉलमध्ये गेला, की तांबड्या पेशींत पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकतात. रंग दिल्यावर ते पोकळ, चमकदार कड्यांसारखे दिसतात. ओळखायची खूण: सूक्ष्मदर्शकाचा फाइन स्क्रू किंचित वर-खाली फिरव. आर्टिफॅक्ट (म्हणजे खोटा ठिपका) चमकतो, काळा होतो, पुन्हा चमकतो. परजीवी पेशीबरोबरच फोकसमध्ये येतो आणि त्याला रंग असतो: निळसर पेशीद्रव्य, जांभळट-लाल केंद्रक. रंग नाही, नुसती चकाकी आहे, तर ते पाणी.

मिथेनॉलही पाणी ओढतो. बरणीचं झाकण उघडं राहिलं तर दोन-तीन दिवसांत तोच आर्टिफॅक्टचा कारखाना होतो. छोट्या कॉप्लिन जारमध्ये रोज ताजा घ्यायचा, झाकण लगेच लावायचं, उरलेला मूळ बाटलीत परत ओतायचा नाही. स्मियर काढल्याबरोबर हातात धरून हलवून किंवा ड्रायरच्या थंड हवेने वाळवायचा. गरम हवा नको.

स्मियर असा: काचेच्या एका टोकाला २-३ मिलिमीटरचा थेंब. दुसरी काच ३० ते ४५ अंशांत धरून थेंबापर्यंत मागे ओढायची, रक्त कडेने पसरू द्यायचं, मग एका दमात पुढे. थांबत-थांबत ओढलं तर पट्टे पडतात, थेंब मोठा असेल तर काच संपली तरी पिसासारखी कड येत नाही. रक्त पातळ असेल (रक्तक्षयाचा कुत्रा) तर काच जरा उभी धर, दाट असेल तर आडवी. मग मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटं, वाळवणं, गिम्सा १:१० किंवा १:२० पातळ करून वीस ते तीस मिनिटं. पातळ करायला पीएच ७.२ चं बफर घे, नळाचं पाणी नको. पाणी आम्लधर्मी असेल तर परजीवी फिके पडतात, मग नकारात्मक निकालावर विश्वास ठेवता येत नाही. पातळ केलेला गिम्सा त्याच दिवशी संपवायचा. स्लाइड शक्यतो उभी किंवा पालथी ठेवून रंगव, नाहीतर रंगाचा गाळ बसतो आणि तो ॲनाप्लाझ्मा या तांबड्या पेशींतल्या जंतूसारखा दिसतो.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे तांबड्या पेशीवर बसलेली बिंबिका (प्लेटलेट). तिच्याभोवती फिकट वलय असतं आणि शेजारी मोकळ्या बिंबिकाही तशाच रंगाच्या दिसतात. तिसरा, हॉवेल-जॉली कण (पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा): एकच, गोल, गडद, कडा स्वच्छ. बॅबेसिया गिब्सोनाय लहान असतो, कड्यासारखा किंवा ठिपका व निळी शेपटी असा. शंका असेल तर कानाच्या कडेच्या केशवाहिनीतल्या रक्ताचा दुसरा स्मियर मागून घे. मोठ्या शिरेपेक्षा तिथे परजीवी असलेल्या पेशी जास्त सापडतात.

एर्लिशिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूचे मोरुला (पुंजके) मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत क्वचितच दिसतात. ‘स्लाइडवर दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ असं कधीच लिहायचं नाही. पण बिंबिका मोजणं हातचं आहे. पेशी एका थरात पसरलेल्या भागात तेलाच्या भिंगाखाली दहा क्षेत्रं मोज, सरासरी गुणिले १५ हजार. कुत्र्यात क्षेत्राला दहाच्या खाली सरासरी गेली की लक्ष द्यायचं. मात्र आधी पिसासारख्या कडेवर गठ्ठे आहेत का बघ. बिंबिका गठ्ठ्यात अडकल्या असतील तर तू मोजलेला आकडाही कमी येतो आणि यंत्राचाही. असल्या खोट्या आकड्यावरून कुत्र्याला विनाकारण गोळ्या चालू होतात.

आता ने-आण, कारण तू लिहिलंस की ती तुझ्याकडे असेल. लॅबचं अर्धं काम तिथंच बनतं किंवा बिघडतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी खुणेपर्यंतच भरायची. कमी भरली तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आक्रसतात आणि पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) कमी दिसतो, जास्त भरली तर गुठळी होते. रक्त भरणाऱ्याने सुई काढून सिरिंजमधून हळूच कडेने सोडायला हवं. सुईतून जोराने दाबलं तर पेशी फुटतात. मग लगेच आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करायची, हलवायची नाही. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधायची चाचणी) करायचं असेल तर हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिन पीसीआर अडवतं. सीरमची लाल झाकणाची नळी उभी ठेवून अर्धा तास गोठू दे, मगच सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या वेगाने फिरवणारं यंत्र) फिरव.

नळीवर नाव लिही, झाकणावर नव्हे. झाकणं अदलाबदल होतात. दवाखान्याच्या रजिस्टरचा क्रमांक, जनावराची जात, तारीख, वेळ. ‘मोती’ हे नाव नको, एका सकाळी तीन मोती येतात. थंड पेटीत बर्फ आणि नळी यांच्यामध्ये कागदाची जाड घडी ठेव, थेट बर्फाला लागून पेशी फुटल्या की सीरम गुलाबी होतं. मेमध्ये स्कूटरच्या डिकीत नमुना ठेवू नको, पेटीसह सुद्धा. स्मियरच्या स्लाइड्स थंड पेटीत घालू नको. बाहेर काढल्या की दव बसतं आणि पुन्हा तेच ठिपके. आणि हे फार थोड्यांना सांगितलं जातं: न रंगवलेले स्मियर फॉर्मेलिनच्या बाटलीबरोबर एकाच पिशवीत आणायचे नाहीत. नुसत्या वाफेने पेशींचा रंग बिघडतो, सगळी स्लाइड निळसर येते. शवविच्छेदनाचे तुकडे आणि रक्ताच्या स्लाइड्स एकाच दिवशी निघाल्या की ही गफलत नक्की होते.

उपचारासाठी काढलेल्या रक्तातलं उरलेलं रक्त संशोधनाला वापरायचं तर मालकाची लेखी संमती आणि संस्थेच्या समितीची मंजुरी हवी. तो कागद कुठे ठेवला आहे ते पहिल्याच दिवशी विचार.

वाळपईचा_गोचीडवाला

वरच्या दोघांनी गोचिडांना अगदीच वाऱ्यावर सोडलंय, म्हणून लिहितो.

काढताना बारीक टोकाचा चिमटा, त्वचेला अगदी लागून, तोंडाजवळ पकड, सरळ वर, सावकाश. पिळायचं नाही. रॉकेल, स्पिरिट, मेणबत्ती, खोबरेल, असलं काही लावायचं नाही. त्रास झालेली गोचीड लाळ आणि पोटातलं सोडते, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. बोटांनी चिरडायचं नाही, हातमोजे असले तरी.

बाटलीत ७० टक्के अल्कोहोल ओळख पटवायला चालतं, डीएनएसाठी ९५ किंवा निर्जल बरं. विषाणूचा आरएनए शोधायचा असेल तर अल्कोहोल नको, उणे ८० अंश सेल्सिअस हवं, आणि ते काम तुझ्यापर्यंत येणार नाही. लेबल कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाक. बाहेर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसलं जातं. कपाटात पाच-पाच वर्षं पडलेल्या नावाविना बाटल्या दिसल्या की त्यांचं मूळ हेच असतं.

ओळख: सहा पाय असतील तर अळी, आठ पाय आणि जननछिद्र नाही तर निम्फ (प्रौढ होण्याआधीची अवस्था). प्रौढ नराच्या पाठीवरचं कवच सगळी पाठ झाकतं, मादीचं फक्त पुढचा भाग. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस: डोक्याचा पाया षट्कोनी, मागच्या कडेला खाचांच्या पाकळ्या. गायीवरची ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस: स्पर्शक आखूड, मागच्या पाकळ्या नाहीत. हीमॅफायसॅलिसला डोळे नाहीत आणि बहुतेक जातींत स्पर्शक बाजूला बाहेर आलेले. फुगलेली मादी ओळखायला अवघड, आधी चपट्यांवर सराव कर.

एक सूचना, जी अहवाल लिहिताना उपयोगी पडेल. रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडीत एर्लिशियाचा डीएनए सापडला म्हणजे ती तो रोग पसरवते असं सिद्ध होत नाही. पोटात कुत्र्याचंच रक्त आहे. अहवालात ‘आढळला’ लिही, ‘वाहक’ लिहू नकोस. नंतर कोणी तुझा तक्ता उचलला तर चूक पुढे जाते.

माकडतापाबद्दल कडक बोलतो. क्यासानूर जंगलाचा हा आजार १९५७ मध्ये शिमोग्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला, आणि २०१५ मध्ये आपल्या सत्तरीतल्या पाळी गावात त्याची साथ आली. हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही मुख्य गोचीड, माणसाला बहुतेक निम्फ चावतात, हंगाम डिसेंबर ते मे. जंगलात फडक्याने गोचिडी गोळा करायला कोणी बोलावलं तर हौसेने जाऊ नको. जायचंच असेल तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, कपडे फिकट रंगाचे, उघड्या त्वचेवर गोचीड दूर ठेवणारं तेल, आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात व अंगाची तपासणी, काखा आणि गुडघ्यामागे विशेष. मेलेलं माकड दिसलं तर लांबून जागा लिही, फोटो काढ, आरोग्य केंद्र आणि वनखात्याला कळव. जवळ जाऊ नको. त्या विषाणूवरचं काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या सर्वोच्च दर्जाच्या बंदिस्त लॅबमध्ये होतं, कॉलेजच्या फ्रीजमध्ये नव्हे.

केपेची_झू

खूप आभार, डोकं भरलं. दोन छोटे प्रश्न राहिले. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूजच्या प्रोटोकॉलवर ‘१५०० जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला जोर) लिहिलंय आणि यंत्रावर फक्त आरपीएम (मिनिटाला किती फेरे) आहे. आणि पिपेट ठीक चालते हे कसं कळणार? तिचा तपासणीचा कागद कुठे सापडत नाही.

तेलभिंग_१००

आरपीएम आणि जी एकमेकांत बदलायला रोटरची (यंत्रातल्या फिरणाऱ्या भागाची) त्रिज्या लागते. त्याच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोज. जी = ०.००००१११८ × त्रिज्या × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या ८ आणि ३००० आरपीएम असेल तर सुमारे ८०५ जी. त्रिज्या १५ असेल तर त्याच वेगाला सुमारे १५०९. म्हणून ‘आम्ही ३००० वर फिरवतो’ या वाक्याला अर्थ नाही. कुठल्या यंत्रात, ते सांगा. वहीत दोन्ही आकडे लिही. नळ्या समोरासमोर, वजनाने सारख्या. ‘पातळी सारखी दिसते’ पुरेसं नाही, रक्ताच्या समोर पाण्याची नळी ठेवली तर वजन जुळत नाही. घुरघुर ऐकू आली की थांबव.

पिपेट: तराजूवर छोटी वाटी ठेवून शून्य कर, १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाक आणि प्रत्येक वजन लिही. प्रत्येकी ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. सरासरी चुकत असेल तर पिपेटची तपासणी हवी, आकडे विखुरलेले असतील तर हात सुधारायला हवा. हात सुधारायच्या तीन जागा: टिप आधी दोन-तीनदा त्याच द्रवाने ओली करणं, पिपेट उभी धरणं, आणि घेताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबणं. दुसरा थांबा फक्त सोडताना. सीरमसारखं चिकट असेल तर अंगठा सावकाश.

७० टक्के अल्कोहोल बनवायलाही तुला सांगतील. ९५ टक्क्यांचं ७३७ मिलिलिटर घेऊन पाण्याने १ लिटरपर्यंत भर. ७३७ मध्ये २६३ मिसळून बरोबर लिटर होत नाही, दोन्ही मिसळल्यावर आकारमान थोडं आटतं, म्हणून ‘पर्यंत’.

पिंजराघर

उंदरांचं. पहिली गोष्ट: ‘बघायला मिळेल’ आणि ‘हात लावायला मिळेल’ या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. प्राण्यांवरचे प्रयोग १९९८ च्या नियमांखाली येतात. संस्थेची प्राणी नीतिसमिती असते, प्रयोगाचा अर्ज ‘बी’ नमुन्यात मंजूर झालेला असतो, आणि त्यात कोण हाताळणार ते लिहिलेलं असतं. तुझं नाव त्यात नसेल आणि प्रशिक्षणाची नोंद नसेल तर पिंजऱ्याचं झाकण उघडायचं नाही, मोठ्या सरांनी बोलावलं तरी. मंजुरीचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिही.

खोली २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार. पावसाळ्यात आपल्याकडची अडचण दमटपणाची. वीज गेली आणि एसी थांबला की आर्द्रता चढते, भुश्याला ओल येते, अमोनियाचा वास उठतो, बुरशी धरते. त्या दिवसांत भुसा नेहमीपेक्षा लवकर बदलावा लागतो. थर्मोहायग्रोमीटरवरचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडे रोज सकाळी लिहून बटण शून्य करायचं, हे काम नवख्याला देतात. कंटाळवाणं वाटेल. सहा महिन्यांनी गटात विचित्र वजनं दिसली की आधी तेच पान उघडलं जातं.

उंदीर शेपटीच्या टोकाने उचलायचा नाही. नळीत शिरू द्यायचा किंवा ओंजळीत घ्यायचा; त्याने तो कमी घाबरतो आणि मोजमापही कमी हलतात. मोठ्या उंदराला, म्हणजे लॅबच्या रॅटला, शेपटीने उचलणं तर सोडूनच दे. वजन रोज एकाच वेळी. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून रक्त दोन मिलिलिटरच्या आत असतं. दोन आठवड्यांत त्यातलं दहा टक्के, म्हणजे ०.२ मिलिलिटरपेक्षा कमीच काढायचं. तोंडाने द्यायचं द्रावण किलोला १० मिलिलिटरपर्यंत, म्हणजे त्याला ०.२५. नवख्याला हे करायला देत नाहीत, पण कोणी ०.५ काढायला सांगत असेल तर तो आकडा कुठून आला हे विचारायला हरकत नाही.

आणि मास्क. उंदरांच्या मूत्रातल्या प्रथिनांची ॲलर्जी हळूहळू येते, पहिल्या काही वर्षांत. आधी शिंका, मग डोळे, मग दमा. भुसा बदलताना एन-९५, हातमोजे आणि खोलीतच राहणारा गाऊन. तोच गाऊन घालून कँटीनला जाणारे बरेच दिसतील.

सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, प्लॅस्टिक लाल पिशवीत, अवयव आणि रक्ताने भिजलेलं पिवळ्या पिशवीत, काच निळ्या डब्यात. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत, हे दोन्हीकडे एकदा मोठ्याने बोल, चालतं.

गोठ्यावरचा_डॉक्टर

बी.व्ही.एस्सी.चं कोणी लिहिलं नाही. प्रवेश बारावीच्या भौतिक-रसायन-जीवशास्त्राच्या गुणांवर आणि नीटवर होतो. अखिल भारतीय पंधरा टक्के कोटाही नीटवरच. दवाखान्यातल्या सुट्टीचे गुण कुठे धरत नाहीत, आणि बी.एस्सी. झाली म्हणून वर्षं माफ होत नाहीत. साडेपाच वर्षं, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप. नीट द्यायची असेल तर आताच तारखा बघ. एम.एस्सी. करून प्राणी जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात जायचं असेल तर मात्र या दोन महिन्यांची वही मुलाखतीत टेबलावर ठेवता येते. त्यासाठी वही बांधलेली हवी, सुटी पानं नकोत, पान क्रमांक आधी घातलेले, शाई न पुसणारी, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. ज्या गायीचं तापमान तू घेतलंस तिच्या रक्ताचा नळी-क्रमांक आणि स्लाइड-क्रमांक त्याच ओळीत यायला हवा. सकाळ आणि दुपार वेगळ्या वह्यांत लिहिली तर नंतर जुळवायला बसशील.

आणि रेबीजची पहिली मात्रा कधी घेतलीस ते इथं लिहून जा.